इंटरनेटवरून बोलणारा घरचा फोन : आधी निदान, मग खरेदी

बडोद्याच्या दांडिया बाजारातील आमच्या घरी दूरध्वनी आला तो माझ्या जन्माच्याही आधी. मध्यंतरी आकड्यांची भर पडून त्याचा क्रमांक लांबला, परंतु शेवटचे आकडे तेच राहिले. नातेवाईक, डॉक्टर, गॅस एजन्सी आणि अर्थातच बँक अशा सर्वांच्या दप्तरी तो नोंदलेला आहे. गतवर्षी तांब्याची तार जाऊन तिच्या जागी प्रकाशतंतू आला. क्रमांक तोच, जुना संचही तोच. “तुमच्यासाठी काहीच बदलणार नाही,” असे तंतू जोडणाऱ्या तंत्रज्ञाने सांगितले. त्यानंतर पंधरा दिवसांनी वडील कानाच्या डॉक्टरांकडे गेले.

फोनवर समोरच्याला त्यांचे बोलणे नीट ऐकू जाई, त्यांना मात्र समोरच्याचा शब्दही ऐकू येत नसे. वय शहात्तर, तेव्हा दोष आपल्याच कानांत आहे असे त्यांनी मनाशी ठरवून टाकले होते. डॉक्टरांनी तपासणी करून कान वयाच्या मानाने उत्तम असल्याचे सांगितले. पुढच्याच आठवड्यात दुसरी गोष्ट घडली. आईच्या रक्ततपासणीत सोडियम फार उतरल्याचे आढळले म्हणून प्रयोगशाळेने घरी तीन वेळा फोन केला. फोन वाजलाच नाही. अखेर त्यांनी अर्जावर लिहिलेल्या माझ्या मोबाइलवर संपर्क साधला आणि मी गुवाहाटीहून शेजाऱ्यांना कळवले. आईला वेळेवर उपचार मिळाले, तरी ते तीन न वाजलेले फोन माझ्या डोक्यातून जाईनात. मी तंत्रज्ञ नाही, वाणिज्य शाखेची पदवीधर आहे. पण हिशेबातला फरक सापडेपर्यंत स्वस्थ न बसण्याची सवय आमच्या व्यवसायात लागतेच. त्या शोधातून जे हाती आले ते येथे मांडत आहे.

जुन्या पद्धतीत दूरध्वनी केंद्रापासून घरापर्यंत तांब्याच्या तारांची एक जोडी येत असे. तिच्यावरून आवाज जाई आणि संचाला लागणारी सुमारे ४८ व्होल्टची वीजही केंद्राकडूनच येई. म्हणून घरातले दिवे गेले तरी फोन चालू राहत असे. प्रकाशतंतू वीज वाहून आणत नाही. घरात आलेला तंतू प्रथम एका पेटीत शिरतो, तिला ओएनटी म्हणतात. या पेटीत, किंवा तिच्यापुढे जोडलेल्या एटीए नावाच्या लहान उपकरणात, आपल्या आवाजाचे आकड्यांत रूपांतर होते. साधारणपणे दर २० मिलिसेकंदांचा आवाज एका पाकिटात भरला जातो. म्हणजे सेकंदाला ५० पाकिटे इकडून तिकडे आणि ५० तिकडून इकडे.

जी.७११ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत आवाजाला सेकंदाला ६४ किलोबिट लागतात आणि पाकिटांची वेष्टने धरून हा आकडा ९० च्या आसपास जातो. आज घरोघरी असलेल्या ४० मेगाबिटच्या जोडणीपुढे ही रक्कम चिल्लरच म्हणायची. त्यामुळे “फोन नीट चालत नाही, तर वेगाची योजना वाढवून घ्या,” हा सल्ला बहुधा निरुपयोगी ठरतो. आवाजाला वेगापेक्षा नियमितपणा हवा. पाकीट एका बाजूला पोहोचण्यास १५० मिलिसेकंदांपेक्षा अधिक वेळ लागू नये, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. पाकिटे कमीअधिक अंतराने येऊ लागली की आवाज तुटतो. शंभरातील एकाहून अधिक हरवू लागली तर बोलणे त्रासदायक होते.

बिघाड झाला की आपल्याकडे सर्वांत आधी दोष संचाला दिला जातो, मग राउटरला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशा थाटात नवी उपकरणे आणली जातात आणि मूळ दुखणे जागच्या जागी राहते. येथे बँकेतील ताळमेळाची रीत उपयोगी पडते. दोन टोकांचे आकडे जुळत नसतील तर मधला एकेक टप्पा पडताळावा, आणि एका वेळी एकच बदल करावा. मी गुवाहाटीहून व्हिडिओ कॉलवर पाहत होते आणि शेजारचा महाविद्यालयात शिकणारा मुलगा माझे हात झाला होता.

पहिला टप्पा प्रकाशतंतूचा. ओएनटीवर ‘लॉस’ नावाचा दिवा असतो. तो लाल झाला तर तंतूतून प्रकाशच येत नाही असे समजावे. अशा वेळी घरात काहीही बदलून उपयोग नाही, कंपनीला कळवणे एवढेच आपले काम. दिवा ठीक असूनही जोडणी अधूनमधून तुटत असेल, तर ओएनटीच्या माहितीपानावर येणाऱ्या प्रकाशाची शक्ती पाहावी. जीपॉन जातीच्या नेहमीच्या ओएनटीसाठी ती उणे ८ ते उणे २७ डीबीएम या मर्यादेत असावी लागते. उणे २६ म्हणजे खाते किमान शिलकीच्या काठावर आले. तंतू कपाटामागे काटकोनात दुमडलेला असणे हे याचे नेहमीचे कारण. मात्र तंतूचे टोक डोळ्यांसमोर धरून कधीही पाहू नये. त्यातील किरण दिसत नाहीत, पण डोळ्यांना अपायकारक ठरू शकतात.

आमच्याकडे प्रकाश उणे १९ होता. दुसरा टप्पा संचाचा. एक साधा, तारेचा फोन आखूड तारेने थेट एटीएला जोडून पाहिला. दोष कायम राहिला, म्हणजे संच आणि घरातील जुनी तार निर्दोष ठरली. येथे एक सावधगिरी सांगते. घरभर फिरवलेल्या जुन्या तारांना एटीए जोडायचे असेल, तर त्या तारा बाहेरून येणाऱ्या तांब्याच्या जोडीपासून आधी तोडून घ्याव्यात. केंद्राची वीज एटीएच्या खाचेत शिरली तर ते जळू शकते.

उरला मधला भाग, आणि फरक तेथेच सापडला. तो माझ्याच खात्यावर निघाला.

आमच्या ओएनटीला फोनची खाच नव्हती, म्हणून तंत्रज्ञाने निराळे एटीए दिले होते. ते त्याने मी दिवाळीला पाठवलेल्या राउटरला जोडले होते. चार अँटेना पाहून मी तो राउटर घेतला होता, हे कबूल करायला हवे. ओएनटी स्वतःही राउटरचे काम करत होता. म्हणजे एकामागे एक असे दोन द्वारपाल उभे झाले.

घरातल्या प्रत्येक उपकरणाला १९२.१६८ अशा आकड्यांनी सुरू होणारा एक खासगी पत्ता मिळतो. बाहेरच्या जगात त्या पत्त्याला अर्थ नसतो. पाकीट बाहेर पडताना राउटर त्यावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता बदलून आपला घालतो आणि उत्तर आले की ते योग्य उपकरणाकडे पोहोचवतो. संकेतस्थळे पाहताना हे बिनबोभाट चालते. फोनचे तसे नाही. इंटरनेटवरील फोनचा व्यवहार दोन भागांत होतो. एसआयपी नावाच्या नियमावलीनुसार आधी कॉल जुळवण्याचा पत्रव्यवहार होतो, आणि आवाजाची पाकिटे मात्र वेगळ्या वाटेने जातात. “माझ्यासाठीचा आवाज अमुक पत्त्यावर पाठवा,” हे त्या पत्राच्या आतल्या मजकुरात लिहिलेले असते. राउटर लिफाफ्यावरचा पत्ता बदलतो, पत्रातला तसाच राहतो. समोरची बाजू पत्रातला पत्ता प्रमाण मानून आवाज पाठवत राहिली, तर तो घरी येतच नाही. आपला आवाज जातो, त्यांचा येत नाही. वडिलांच्या कानांचा आजार तो हाच.

यावर उपाय म्हणून अनेक राउटरांत एसआयपी एएलजी नावाची सोय घातलेली असते. पत्र उघडून आतला पत्ताही दुरुस्त करणारा हा जणू एक उत्साही कारकून. दुर्दैवाने पुष्कळ राउटरांत हा कारकून अर्धवट शिकलेला असतो. एका ठिकाणी पत्ता बदलतो, दुसऱ्या ठिकाणी विसरतो. एटीए किंवा सेवा देणारी कंपनी तीच दुरुस्ती स्वतः करत असेल, तर दोघांच्या दुरुस्त्या एकमेकींवर आदळतात. एकाच बाजूचा आवाज, काही सेकंदांत तुटणारा कॉल, किंवा घंटी वाजून उचलल्यावर शांतता, अशी लक्षणे दिसली तर राउटरमधील ही सोय बंद करून पाहावी. ती कधी ‘नॅट’ तर कधी ‘सिक्युरिटी’ या सदराखाली असते. बदल करण्यापूर्वी आधीची स्थिती कागदावर लिहून ठेवावी, किंवा पडद्याचे छायाचित्र घ्यावे.

दोन द्वारपाल आहेत किंवा नाहीत हे ओळखणे सोपे आहे. आपल्या राउटरच्या माहितीपानावर त्याला बाहेरून मिळालेला पत्ता पाहावा. तोही १९२.१६८ किंवा १० ने सुरू होत असेल, तर वर बहुधा आणखी एक पेटी तेच काम करत आहे. १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर कंपनीनेच अनेक ग्राहकांना एका पत्त्यामागे ठेवले आहे. तेथे घरात काही करता येत नाही, कंपनीशीच बोलावे लागते.

न वाजणाऱ्या घंटीचे कारण याच जातीचे, पण अधिक घातक. एटीए कंपनीकडे ठरावीक वेळाने आपली हजेरी नोंदवते. राउटर त्या जोडणीची नोंद थोडाच काळ ठेवतो. अर्धा मिनिट किंवा काही मिनिटे त्या वाटेने काही गेले-आले नाही, की ती पुसून टाकतो. मग बाहेरून आलेला कॉल दारावरूनच परततो. फोन उचलावा तर सूर येतो, क्रमांक फिरवला की लागतो; त्यामुळे घरातल्या माणसाला फोन बिघडला आहे असे वाटतच नाही. ही चाचणी प्रत्येकाने करून पाहण्याजोगी आहे. घरच्या फोनवरून एक कॉल करावा. तो ठेवल्यावर लगेच मोबाइलवरून घरी फोन लावावा, मग दहा मिनिटे काहीही न करता पुन्हा लावावा. पहिल्यांदा वाजला आणि दुसऱ्यांदा नाही, तर दोष हाच. एटीएमध्ये ‘कीप अलाइव्ह’ नावाची नोंद असते. तिचा कालावधी २० ते ३० सेकंद ठेवला की राउटर ती वाट विसरत नाही.

आम्ही एटीए माझ्या राउटरमधून काढून थेट ओएनटीला जोडले, ओएनटीतील एसआयपी एएलजी बंद केले आणि हा कालावधी ३० सेकंद केला. माझा राउटर केवळ वाय-फायसाठी उरला. एका पैशाची खरेदी न होता दोन्ही दुखणी गेली.

आवाज दोन्हीकडून येतो पण तुटतो, ही तक्रार निराळी. ती दिवसातल्या ठरावीक वेळी होत असेल तर त्या वेळी घरात कोण काय करते ते पाहावे. मोबाइलमधील छायाचित्रे आपोआप साठवणुकीसाठी वर चढू लागली, की वर जाणारी वाट भरते आणि आवाजाची पाकिटे रांगेत अडकतात. अशा वेळी समोरच्याला आपला आवाज तुटक ऐकू येतो. राउटरमध्ये क्यूओएस ही सोय असेल तर एटीएला अग्रक्रम द्यावा; ज्येष्ठ नागरिकांसाठी वेगळी खिडकी ठेवतात तसेच हे. वाय-फायवर चालणारा फोन असेल तर एकदा तारेने जोडून पाहावा. दाट वस्तीत २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात शेजाऱ्यांच्या राउटरांची इतकी गर्दी असते की आवाजाला जागा उरत नाही.

आता विजेविषयी. दिवे गेले की ओएनटी बंद, एटीए बंद आणि फोनही बंद. वृद्ध माणसे एकटी राहतात अशा घरी हे चालणार नाही. बाजारात राउटरसाठी लहान यूपीएस मिळतात. त्यांवर क्षमता ६००० मिलिअँपिअर-तास अशी ठळक छापलेली असते, परंतु तो आकडा बहुधा आतल्या ३.७ व्होल्टच्या घटांचा असतो. ६ ला ३.७ ने गुणले की सुमारे २२ वॅट-तास होतात. ओएनटी आणि एटीए मिळून ९ वॅट घेत असतील तर घट वगैरे वजा जाता जेमतेम दोन तास निघतात. आणखी एक गोष्ट : अनेक ओएनटी १२ व्होल्टवर चालतात, काही एटीए ५ व्होल्टवर, आणि दोघांच्या पिना पुष्कळदा सारख्याच असतात. १२ ची पिन ५ च्या उपकरणात गेली तर उपकरण गेलेच. आमच्याकडे आता दोन्ही पिनांना वेगवेगळ्या रंगाची चिकटपट्टी आहे. वीजठोकळा बदलताना व्होल्ट तंतोतंत जुळावेत, अँपिअर मूळच्याइतके किंवा अधिक असावेत, पिनेचे धन-ऋण टोक तेच असावे आणि ठोकळ्यावर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह असावे. इमारतीच्या गच्चीवर स्थानिक केबलचालकाचा विजेवर चालणारा स्विच असेल तर त्याला बॅटरी आहे का, हेही विचारावे. तो बंद पडला तर घरातील यूपीएस कितीही चांगले असून व्यर्थ.

नवे उपकरण घ्यायचेच असेल तर अँटेनांची संख्या मोजू नये. पहिला प्रश्न दुकानदाराला नव्हे, कंपनीला विचारावा : आपली सेवा जीपॉन आहे की ईपॉन? एकाची ओएनटी दुसऱ्यावर चालत नाही; दोन्हीवर चालणाऱ्या मिळतात, त्यांवर एक्सपॉन असे लिहिलेले असते. दुसरा प्रश्न : ग्राहकाने आणलेल्या पेटीवर आवाजाची सेवा सुरू करून द्याल का? पुष्कळ कंपन्या इंटरनेट आणि आवाज वेगवेगळ्या व्हीलॅनवरून, म्हणजे एकाच तंतूतील वेगळ्या कप्प्यांतून पाठवतात. तो क्रमांक आणि एसआयपीचा परवलीचा शब्द कंपनीने दिला नाही, तर महागातल्या पेटीवरही इंटरनेट चालेल आणि फोन मुका राहील. तंतूच्या टोकाचा रंगही पाहावा. हिरवे टोक तिरके घासलेले असते, निळे सरळ. एक दुसऱ्यात बसते, पण प्रकाश वाया जातो.

एटीए घेताना साधा फोन लावण्याची खाच एफएक्सएस प्रकारची हवी. एफएक्सओ ही बाहेरची तार घेण्यासाठी असते आणि दिसायला दोन्ही अगदी सारख्या. तबकडी फिरवण्याचा जुना संच असेल तर तो अनेक एटीएंना कळत नाही. बटणांच्या संचावर ‘पल्स’ आणि ‘टोन’ अशी कळ असल्यास ती टोनवर ठेवावी. एका एटीएवर चार-पाच जुने संच समांतर लावले तर घंटी क्षीण होते किंवा वाजत नाही. नव्या उपकरणावरून मोबाइलला फोन लागत नसेल तर घाबरू नये. १५ जानेवारी २०२१ पासून स्थिर दूरध्वनीवरून मोबाइलला लावताना आधी शून्य फिरवावा लागतो, आणि संचात पूर्वी साठवलेल्या क्रमांकांत तो बहुधा नसतो.

बँकेच्या दृष्टीने दोन बाबी महत्त्वाच्या. फोन बँकिंगमध्ये “अमुक सेवेसाठी १ दाबा,” असे सांगितल्यावर दाबलेला आकडा तिकडे कळत नाही, अशी तक्रार शाखेत अधूनमधून येते. आकड्यांचे सूर दाबून लहान केलेल्या आवाजातून, उदाहरणार्थ जी.७२९ पद्धतीतून, नेले की विस्कटतात. एटीएमधील डीटीएमएफ या नोंदीत आरएफसी २८३३ किंवा तिची सुधारित आवृत्ती ४७३३ निवडली की सूर वेगळ्या पाकिटातून जातात आणि तक्रार मिटते. कंपनीचीही त्याला साथ असली पाहिजे, एवढेच. दुसरी बाब कॉलर आयडीची. जानेवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने व्यवहार व सेवाविषयक कॉल १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरूनच करण्यास बँकांना सांगितले. आलेला क्रमांक संचावर दिसत नसेल तर ग्राहकाला ही खूण उपयोगी पडत नाही. क्रमांक पाठवण्याच्या एफएसके आणि डीटीएमएफ अशा दोन रीती आहेत. एटीए एक वापरते आणि संच दुसरी समजतो, म्हणून पडदा कोरा राहतो. एटीएमध्ये ती बदलून पाहावी. मात्र क्रमांक दिसला तरी ओटीपी फोनवर कोणालाही सांगू नये, हे वेगळे लिहायला नको.

एसआयपीचा परवलीचा शब्द एटीएमच्या पिनइतकाच जपावा. तो ज्याच्या हाती लागेल तो आपल्या क्रमांकावरून कॉल करू शकतो आणि बिल आपल्या नावे येते. एटीए आणि राउटर यांचा कारखान्यातून आलेला परवलीचा शब्दही पहिल्याच दिवशी बदलावा.

एवढे करूनही दोष राहिला तर कंपनीच्या तक्रार केंद्राकडे तक्रार नोंदवून डॉकेट क्रमांक घ्यावा. “आवाज येत नाही” असे मोघम न सांगता, किती वाजता, कोणत्या दिशेचा आवाज गेला आणि थेट जोडलेल्या साध्या संचावरही तसेच झाले का, हे सांगावे. तक्रारीचे निवारण समाधानकारक झाले नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येते. त्या वेळी डॉकेट क्रमांक जवळ असावा लागतो.

आमच्या घरी आता दर रविवारी सकाळी एक कार्यक्रम असतो. वडील भिंतीवरचे बटण बंद करून ओएनटी आणि एटीए यूपीएसवर आणतात, दहा मिनिटे थांबतात, आणि आईच्या मोबाइलवरून आपल्याच घरी फोन लावतात. घंटी वाजली की जुन्या रोजनिशीत तारीख घालून खूण करतात. गेल्या महिन्यात एका रविवारी ती वाजली नाही. त्यांनी मला फोन केला तो तक्रार करण्यासाठी नव्हे. यूपीएसची पिन सैल झाली होती, ती शोधून बसवल्याचे सांगण्यासाठी. मी काही विचारण्याच्या आत ते म्हणाले, “आणि हो, तुझा आवाज मला स्वच्छ येतो आहे.”